न बोलण्याचें शिक्षण

परवां एका स्नेह्याच्या घरीं चारपांच कुटुंबें मिळून आम्ही एक आयरिश चित्रपट पाहिला. दीड तासानें पडदा काळा झाला, दिवे लागले, आणि क्षणभर कोणीच कांहीं बोललें नाहीं. मग मंडळींतील एक वकील गृहस्थ, जे एरव्हीं मोठे चोखंदळ वाचक आहेत, किंचित् त्रासिक सुरांत म्हणाले, "सारें ठीक आहे हो, पण यांत घडलें काय?" त्यांच्या पत्नी डोळे पुशीत होत्या, त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. आम्हांसही त्या वेळीं नीट उत्तर सुचलें नाहीं. प्रश्न मात्र सोडून देण्याजोगा वाटला नाहीं, म्हणून हा लेख.

चित्रपटाचें नांव 'अन् कालीन क्यून', म्हणजे अबोल मुलगी. कोलम बॅरेड या दिग्दर्शकाचा हा पहिलाच मोठा कथापट. २०२२ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत तो प्रथम दाखविण्यांत आला आणि तेथील बालविभागांत परीक्षकांचें मुख्य पारितोषिक त्यानें मिळविलें. पुढील वर्षीं परभाषीय चित्रपटांच्या ऑस्कर पारितोषिकासाठीं निवडलेल्या शेवटच्या पांच चित्रपटांत त्याची गणना झाली. तें पारितोषिक एका जर्मन चित्रपटास गेलें. परंतु आयरिश भाषेंतील चित्रपट तेथवर जाऊन पोंचण्याची ती पहिलीच वेळ होती. ज्या कथेवरून हा चित्रपट घेतला ती मात्र इंग्रजींत लिहिलेली आहे. क्लेअर कीगन या आयरिश लेखिकेची 'फॉस्टर' ही कथा २००९ सालीं आयर्लंडांतील एका कथास्पर्धेंत पहिली आली व २०१० सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. शंभर पानांच्या आंतच संपणाऱ्या या पुस्तकास कोणी लहानशी कादंबरी म्हणतात, कोणी दीर्घकथा. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. एवढ्या थोड्या पानांत इतकें वजन मावलेलें आम्हीं फारसें पाहिलेलें नाहीं, एवढेंच नमूद करितों.

'फॉस्टर' या शब्दाचा अर्थ दुसऱ्याचें मूल आपल्या घरीं ठेवून पोसणें. दत्तक घेणें आणि हें एक नव्हे. येथें मूल परत जावयाचें असतें. प्राचीन आयर्लंडांत आपलीं मुलें कांहीं वर्षें दुसऱ्या कुटुंबांत वाढावयास पाठविण्याची रीत होती, आणि ब्रेहन कायदा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या देशाच्या जुन्या धर्मशास्त्रांत, अशा मुलाला त्याच्या दर्जाप्रमाणें कोणतें अन्न द्यावें व कोणतें वस्त्र द्यावें, याचेसुद्धां नियम सांगितलेले होते. कीगनबाईंच्या कथेंत ती जुनी रीत उरलेली नाहीं. उरली आहे ती गरज. पण अन्न आणि वस्त्र या दोन गोष्टींनीं ही सारी कथा विणलेली आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

काळ १९८१ चा उन्हाळा. आयर्लंडांतील एका दरिद्री शेतकऱ्याच्या घरीं मुलांची गर्दी आहे आणि आई पुन्हां गरोदर आहे. बाप पैज लावणारा, पिणारा, घरीं असून नसल्यासारखा. या भावंडांतील कॉइत ही नऊ वर्षांची मुलगी कोणाच्याच हिशेबांत नाहीं. बाळंतपणाच्या वेळीं एक तोंड कमी व्हावें म्हणून तिला आईच्या नात्यांतील एव्लीन व तिचा नवरा शॉन यांच्या शेतावर पाठवून देतात. बाप तिला मोटारीनें आणून सोडतो आणि तिच्या कपड्यांची पेटी न उतरवितांच निघून जातो. पोर अंगावरच्या मळक्या फ्रॉकानिशीं परक्या अंगणांत उभी राहते.

त्या घरीं तिला काय मिळतें? ऊन पाण्यानें स्नान, विंचरलेले केस, वेळेवर जेवण, विहिरीचें थंड पाणी, आणि हातांशीं हात लावून करावयाचें घरकाम. पहिल्याच रात्रीं ती अंथरूण ओलें करते. सकाळीं एव्लीन गादीकडे पाहते आणि दोष गादीलाच देते. ही जुनी गादीच पाझरते, हिच्यावर तुला निजविलें ही माझी चूक, असें म्हणून ती मुकाट्यानें गादी बाहेर काढते. शॉन पहिले कांहीं दिवस मुलीकडे पाहतही नाहीं. एकदां ती गोठ्यांत नजरेआड होते तेव्हां तो तिच्यावर ओरडतो. पुढें, टेबलाजवळून जातां जातां, तो तिच्यापुढें एक बिस्किट ठेवतो आणि एक अक्षर न बोलतां निघून जातो. ही त्याची क्षमायाचना. आम्हीं पुष्कळ नाटकांत गुडघे टेकून मागितलेल्या क्षमा पाहिल्या आहेत. त्यांपैकीं एकही या बिस्किटाइतकी खरी वाटली नाहीं.

घरांत एक बंद दुःख आहे. मुलीला घालावयास मिळालेले पहिले कपडे मुलग्याचे आहेत. तिच्या खोलींतील भिंतीच्या कागदावर आगगाड्या आहेत. एव्लीननें पहिल्याच दिवशीं सांगितलेलें असतें कीं या घरांत गुपितें नाहींत, कारण जेथें गुपित असतें तेथें लाज असते. आणि तरीही हे कपडे कोणाचे, हें कोणी सांगत नाहीं. शेवटीं सांगते ती एक शेजारीण. गांवांतील एका प्रेताजवळ मंडळी जमली असतां ही बाई मुलीला आपल्याबरोबर घरीं नेते आणि वाटेंत तिची उलटतपासणी चालविते: एव्लीन पिठांत लोणी घालते कीं आणखी कांहीं, त्या पोराचे कपडे अजून कपाटांत आहेत कीं काय, आणि मग, तुला ठाऊक नाहीं वाटतें, असें म्हणून ती सांगूनच टाकते कीं, त्यांचा एकुलता एक मुलगा कुत्र्यामागें जाऊन शेणकाल्याच्या टाक्यांत बुडून मेला.

येथें या चित्रपटाच्या गाभ्याशीं आपण येऊन पोंचतों. ओल्या गादीविषयीं न बोलणारी एव्लीन, आणि बुडालेल्या मुलाविषयीं बोलणारी शेजारीण. या दोघींत खरें बोलली ती शेजारीण आणि खोटें बोलली ती एव्लीन. असें असून मुलीला कळून चुकतें कीं, प्रेम कोठें आहे. त्याच रात्रीं शॉन तिला समुद्रावर नेतो आणि आपल्या तुटक रीतीनें समजावतो कीं, सर्वच गोष्टी बोलून दाखवाव्या लागत नाहींत; न बोलणें साधलें असतें तर पुष्कळांचें नुकसान टळलें असतें. मुलगी ऐकून घेते. या चित्रपटांतील शाळेचा प्रसंग म्हणावयाचा तर हाच.

परंतु येथेंच एक आक्षेप निघतो आणि तो टाळून पुढें जाणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. मौनाची थोरवी गाण्यास आयर्लंड ही काय जागा आहे? ज्या देशांत अनाथ व दरिद्री मुलांना संस्थांच्या भिंतींआड अनेक दशकें छळण्यांत आलें, आणि शेजारपाजार, पाद्री, सरकार या सर्वांनीं तें जाणून मौन पाळलें, असें २००९ सालीं चौकशी-आयोगाच्या अहवालानें जगापुढें मांडलें, त्या देशांतील लेखिकेनें लहान मुलीला गप्प राहण्याचा धडा द्यावा, हें योग्य कीं अयोग्य? कीगनबाईंना हा प्रश्न ठाऊक नाहीं असें नव्हे. त्यांची पुढील कृति 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज', जी २०२१ सालीं निघाली, तिचा विषय हेंच पापी मौन आहे. तेव्हां उत्तर 'फॉस्टर'मध्येंच शोधिलें पाहिजे, आणि आम्हांस तें सांपडतें असें वाटतें.

उत्तर असें कीं, मौनाला स्वतःचा असा गुण किंवा दोष नाहीं. त्याच्या आड कोण उभें आहे, यावर त्याची किंमत ठरते. कॉइतच्या स्वतःच्या घरीं कोणी कांहीं बोलत नाहीं, आणि त्या न बोलण्यानें बापाचें रक्षण होतें. घरांत जो बलवान् त्याच्या दोषांवर तें पांघरूण आहे. एव्लीन गादीविषयीं बोलत नाहीं, आणि त्यायोगें त्या घरांत जें सर्वांत दुबळें आहे त्या पोरीची लाज राखली जाते. बाहेरून पाहतां दोन्ही घरें सारखींच शांत. पहिल्या घरांत मुलगी बिछान्याखालीं लपते, दुसऱ्या घरांत ती टेबलाशीं बसते. हा फरक नऊ वर्षांच्या मुलीला शब्दांत सांगतां येत नाहीं, पण तो तिला कळतो. आणि हें कळणें म्हणजेच तिचें मोठें होणें. वयांत येण्याच्या कथांत आपण बहुधा प्रथम प्रेम, प्रथम पाप किंवा प्रथम मृत्यु यांची वाट पाहतों. येथें यांपैकीं मृत्यूची छाया तेवढी आहे, आणि तीही जुनी.

आतां चित्रपट म्हणून विचार करूं. मूळ पुस्तकांत सारी हकीकत मुलगीच सांगते, तीही वर्तमानकाळांत. म्हणजे लोकांशीं मोजकें बोलणारी ही पोर वाचकाशीं मात्र अखंड बोलत असते. तिची नजर तीक्ष्ण आहे, किंचित् मिस्किलही आहे. पडद्यावर हें कसें आणावें? दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकानें पडद्यामागून मुलीचा आवाज ऐकविला असता. बॅरेड यांनीं तो मोह टाळला. तिचा आवाज काढून घेऊन त्यांनीं तिचे डोळे आपल्या स्वाधीन केले. कॅमेरा तिला सोडून कोठें जात नाहीं. मोठीं माणसें जेथें दाराआड बोलतात तेथें आपणही दाराबाहेरच राहतों. चित्राची चौकट आजच्या पडद्यासारखी लांबट न घेतां जुन्या बोलपटांप्रमाणें जवळजवळ चौरस घेतली आहे, त्यामुळें कडेला काय आहे तें मुलीप्रमाणेंच आपल्यालाही दिसत नाहीं. केट मॅकला यांच्या छायालेखनांत विहिरीचें पाणी, झाडांमधून झिरपणारें ऊन आणि स्वयंपाकघरांतील उजेड हीं जणूं पात्रेंच झालीं आहेत. कॅथरिन क्लिंच या बालिकेनें पूर्वीं कधीं चित्रपटांत काम केलेलें नव्हतें. तिच्या तोंडावर कसलाही अभिनय दिसत नाहीं, आणि तरी तिला केव्हां काय कळलें तें आपल्याला अचूक समजतें. कॅरी क्राउली यांची एव्लीन व अँड्र्यू बेनेट यांचा शॉन यांविषयीं इतकेंच म्हणतों कीं, तीं दोघें दुःखी माणसांसारखीं वागत नाहींत. दुःख नेटकें आवरून ठेवलेल्या माणसांसारखीं वागतात.

गुणवर्णन झालें, आतां दोष. पुस्तकाचा आरंभ होतो तो रविवारीं सकाळीं, बापाच्या मोटारींत, वेक्सफर्डच्या वाटेवर. पूर्वींचें घर आपण पाहिलेलें नसतें, आणि आपल्या वाट्याला कांहीं कमी आलें आहे हें त्या मुलीलाही ठाऊक नसतें. दुसऱ्या घरीं ऊन पाण्यांत शिरल्यावर तिला आठवतें कीं, आपल्या घरीं पाणी थोडें असे. माया मिळाल्यावर मग तिला पूर्वींचें दारिद्र्य कळतें, आणि वाचकालाही तें त्याच क्रमानें कळतें. चित्रपटानें मात्र कथेला आणखी मागें नेऊन तिचें घर, तिची शाळा, सांडलेलें दूध, मुलींचें हसणें, हें सारें आधींच दाखविलें आहे. ही मुलगी दुःखी आहे, हें आपण पांचव्या मिनिटाला जाणतों, आणि एव्लीनचें दार उघडण्यापूर्वींच आपलें मन तिच्या बाजूनें कौल देऊन मोकळें होतें. प्रेक्षकाच्या सोयीसाठीं केलेला हा फेरफार त्याचा एक शोध हिरावून घेतो. न बोलण्यावर ज्याचा एवढा विश्वास, त्या चित्रपटानें येथें मात्र बोलून टाकलें आहे.

दुसरा मुद्दा भाषेचा. तो अधिक नाजूक आहे. आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेनें आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला खरा. परंतु १८४५ ते १८५२ च्या दुष्काळांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं व जवळजवळ तितकींच परदेशीं गेलीं, आणि त्यांत आयरिश बोलणाऱ्या गरीब वस्त्या विशेषच उजाड झाल्या. ती खोट कधींच भरून निघाली नाहीं. २०२२ च्या खानेसुमारींत आम्हांस आयरिश येतें असें १८ लाखांहून अधिक लोकांनीं सांगितलें, पण शाळा सोडून इतरत्र रोज ती बोलणारे जेमतेम ७२ हजार निघाले. अशा भाषेंत, इंग्रजींत लिहिलेली कथा परत नेऊन, ती जगभर पाहिली जाईल असा चित्रपट काढणें हें धाडसाचें काम होय. कित्येकांनीं यांत रूपकही पाहिलें: आपल्याच घरीं परकी झालेली भाषा हीच ती अबोल मुलगी. हें रूपक चतुर असलें तरी आम्ही तें स्वीकारीत नाहीं. दुःखी मूल हें दुसऱ्या कशाची खूण म्हणून वापरावयाचें नसतें.

खरी अडचण निराळीच आहे. प्रमुख पात्रांत बाप हा एकटाच इंग्रजी बोलतो. इतर सर्वांच्या तोंडीं आयरिश आहे. योजना परिणामकारक आहे; बाप आपल्या घरांत परका वाटतो. परंतु तींत एक सोपी वाटणी डोकावते: गोड बोली मायेची, दांडगी भाषा निष्ठुराची. पुस्तकांतील बाप असा एकरंगी नाहीं. पत्त्यांच्या डावांत गाय हरणारा तो मनुष्य आळशी आहे, फुशारकी मारणारा आहे. पण त्याचीं मुलें व त्याचें भाडें-देणें यांचा भार त्याच्या पाठीवर दिसतो. चित्रपटांत त्याला मोटारींत एक परकी बाई आणि तोंडांत एक परकी भाषा देऊन त्याचा निवाडा आधींच लावला आहे. सुदैवानें चित्रपटांतच या वाटणीला उत्तर आहे: मुलीच्या काळजांत सुरी खुपसणारी ती शेजारीण अस्सल आयरिश बोलते.

हें लिहितांना आम्हांस आमचीच थोडी लाज वाटते. ज्यांचा जन्म इंग्रजी शिकविण्यांत गेला त्यांपैकीं आम्ही आहों. आमच्या पांढरपेशा घरांतही एक चाल वाचकांच्या ध्यानांत आली असेल: मुलांना जवळ घ्यावयाचें तें मराठींत, आणि बाप रागावला म्हणजे एकदम इंग्रजींत 'सायलेन्स!' म्हणून गर्जना करावयाची. त्या भाषेनें आमचें कांहीं वाईट केलेलें नाहीं. तिच्या आड उभें राहून आम्ही आमचा अधिकार तेवढा वाढवून घेतों. दोष भाषेचा नव्हे, आड उभें राहण्याचा आहे.

शेवटाकडे वळूं. उन्हाळा संपतो, आईचें पत्र येतें. भाऊ झाला आहे, शाळा उघडणार आहे. निघण्यापूर्वीं मुलगी एकटीच विहिरीवर पाणी आणावयास जाते आणि पाण्यांत पडते. तिला पडसें होतें. घरीं पोंचल्यावर ती शिंकते, आणि बाप ताबडतोब त्याचा दोष त्या दोघांच्या माथीं मारावयास तयार असतो. आई विचारते, काय झालें होतें? मुलगी सांगते, कांहीं झालें नाहीं. आईनें खोदून विचारूनही ती तेंच सांगते. चित्रपटांतील तिचें हें मौन पूर्वींच्या मौनाहून अगदीं वेगळें आहे. पूर्वीं ती भीतीनें गप्प असे. आतां ज्यांचें एक मूल पाण्यांत गेलें त्यांच्यावर दुसऱ्या मुलाच्या बाबतींत निष्काळजीपणाचा ठपका येऊं नये म्हणून ती गप्प आहे. एव्लीननें ओल्या गादीवर घातलेलें पांघरूण मुलीनें परत आणून एव्लीनवर घातलें.

आणि मग मोटार निघते. शॉननें कौतुकानें घड्याळ लावून तिला रोज पत्रांच्या पेटीपर्यंत धांवावयास लाविलेलें असतें. तेच पाय आतां तिला फाटकापर्यंत नेतात. ती शॉनच्या गळ्यांत पडते. मोटारींत एव्लीनचा हुंदका ऐकूं येतो. शॉनच्या खांद्यावरून मुलीला बाप चालत येतांना दिसतो, आणि ती बापाला मारावयाची हाक मारते. एकदां, आणि पुन्हां एकदां. येणाऱ्या बापाविषयीं ती शॉनला सावध करीत आहे, कीं ज्याच्या गळ्यांत ती पडली आहे त्यालाच ती त्या नांवानें हांक मारीत आहे? पुस्तकानें हें उघडून सांगितलें नाहीं, आणि चित्रपटानेंही, आरंभींची चूक पुन्हां न करितां, सांगितलें नाहीं. आमच्या मतें दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि त्या दोन अर्थांच्या मध्यें ही मुलगी यापुढें आयुष्यभर उभी राहणार आहे. ती कोठें राहणार, हें बापाच्या हातांत आहे. ती हाक कोणाला, हें मात्र तिच्या एकटीच्या हातांत राहिलें.

तेव्हां वकीलसाहेबांच्या प्रश्नाला आमचें उत्तर असें. या चित्रपटांत घडलें तें एवढेंच कीं, एका मुलीला न बोलण्याचा धडा मिळाला. तो तिनें एकदां, योग्य माणसांसाठीं, योग्य जागीं वापरला. आणि जेथें तो पुरा पडेना तेथें ती एक शब्द बोलली. खटला चालविण्याजोगें यांत कांहींच नाहीं, हें आम्हांस कबूल आहे. पण ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांनीं तो एकदां पाहावा, आणि पाहून झाल्यावर आपल्या घरांतील शांततेकडे जरा कान द्यावा. ती कोणाच्या सोयीची आहे, हें मुलांना केव्हांच कळलेलें असतें.